चढणीची रात्र

मृगाचा पहिला मोठा पाऊस पडून गेला की आमच्या वाडीतली पोरं संध्याकाळी पऱ्ह्यावर जाऊन पाण्याचा रंग बघून येतात. पाणी नितळ असेल तर हात हलवत परत येतात. पाणी तांबडं झालं असेल, त्यावर फेस आणि पालापाचोळा वाहत असेल, तर एकच बातमी घरोघर फिरते, ‘चढण लागली!’ मग जेवणं लवकर उरकतात. माळ्यावर वर्षभर गुंडाळून ठेवलेली जाळी खाली येतात, कोयत्यांना धार लागते. पूर्वी कंदिलाच्या काचा पुसल्या जायच्या आणि नारळाच्या झावळांच्या चुडी बांधल्या जायच्या. आता डोक्याला बांधायच्या बॅटऱ्या चार्जिंगला लागतात. बाकी सगळं तेच. तीच घाई, तीच कुजबुज आणि ‘मला पण यायचंय’ म्हणून पोरांचा तोच हट्ट.

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याला. नदी म्हणावी असं गावात काही नाही. आहे तो एक पऱ्ह्या. कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, पऱ्ह्या म्हणजे डोंगरातून उतरणारा लहानसा ओढा. आमचा पऱ्ह्या दोन टेकड्यांच्या मधून निघतो, भातखाचरांच्या कडेनं वळणं घेत येतो आणि पुढे शास्त्री नदीला मिळतो. ऐन पावसात तो ओलांडायची छाती होत नाही आणि मे महिन्यात चप्पल न भिजवता पलीकडे जाता येतं. तेव्हा पाणी उरतं ते फक्त वळणावळणावरच्या खोल डोहांत. अशा तीन डोहांना नावं आहेत, बाकीचे बिननावाचे. नकाशात या पऱ्ह्याला नाव नाही. पण वाडीतल्या तीन पिढ्यांनी पोहणं, कपडे धुणं आणि मासे मारणं या तिन्ही गोष्टी इथेच शिकल्या.

उन्हाळाभर या डोहांत मासे दाटीनं राहतात. पहिल्या पावसाचं गार, गढूळ पाणी वरून येऊन धडकलं की त्यांना निरोप मिळतो. मग ते प्रवाहाच्या उलट, वर निघतात. त्यांना गाठायची असतात ती पऱ्ह्याच्या वरच्या अंगाची उथळ पाणथळं आणि पाण्यानं भरलेली भातखाचरं. तिथलं पाणी उथळ म्हणून ऊबदार. पिल्लांना खायला त्यात सूक्ष्म जीव भरपूर आणि त्यांना खाणारे मोठे मासे थोडे. मादी तिथे अंडी घालते. बहुतेक जातींत ती एक-दोन दिवसांत फुटतात आणि पिल्लं आवणाच्या मुळाशी वाढतात. पुढे पावसाचा जोर ओसरू लागला की तीच पिल्लं उतरत्या पाण्याबरोबर खाली येतात. जूनमधली ती चढण आणि पुढची ती उतरण. पऱ्ह्याचं सगळं वर्ष या दोन शब्दांत बसतं.

म्हणजे चढणीचा मासा हा बाळंतपणाला माहेरी निघालेला मासा. पोट गाबोळीनं तट्ट भरलेलं, जीव वर जाण्यात गुंतलेला आणि पाणी घोट्याएवढं. त्याला पकडायला कसब लागत नाही. लहान पोरगंही टोपली आडवी धरून पकडू शकतं. चढणीची सगळी मौज यातच आहे आणि सगळी अडचणही यातच आहे.

मी पहिल्यांदा चढणीला गेलो तो १९६८ च्या जूनमध्ये. आठ वर्षांचा होतो. आजोबांनी डोक्यावर इरलं घेतलं होतं, मला घोंगडीच्या खोळीत गुंडाळलं होतं. अंधारात बेडकांचा गलका एवढा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. काठाला पोचलो तेव्हा मला वाटलं, आता आजोबा पाण्यात उतरणार. पण त्यांनी मला एका खडकावर बसवलं, स्वतः शेजारी बसले आणि इरल्याच्या आडोशाला काडी ओढून विडी पेटवली. समोर चुडीच्या उजेडात पाणी नुसतं खदखदत होतं. मासे एकमेकांच्या अंगावरून वर सरकत होते. एखादा उसळून दगडावर पडायचा आणि तडफडत पुन्हा पाण्यात जायचा. मी आजोबांचा हात ओढत होतो. ते म्हणाले, “थांब बाला. इडी सरू दे.”

ती विडी मला जन्मभराची लांब वाटली. अखेर थोटूक दगडावर विझवून त्यांनी कमरेची टोपली काढली. दोन-चार वेळा पाण्यात घातली, घरात खाणारी माणसं मोजावीत तसे मासे मोजले आणि म्हणाले, “चला.” मी रडकुंडीला आलो होतो. घरी येताना विचारलं, “आधी का नाही पकडले? किती गेले!” आजोबांनी दोनच वाक्यांत उत्तर दिलं. “वरच्या वाडीतल्यांनी खायचे न्हाय? आनि भादव्यात आपन काय खायचं?”

दुसऱ्या दिवशी आजीनं शेवटच्या रायवळ कैऱ्या घालून कालवण केलं. तिरफळांचा वास ओटीपर्यंत आला होता. गाबोळी तिनं वेगळी काढून, तिखट-मीठ लावून, केळीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजली. नदीच्या माशाला समुद्राच्या माशाची चव नाही असं बंदरावरचे लोक नाक मुरडून म्हणतात. त्यांनी ती गाबोळी खाल्लेली नाही, एवढंच मी म्हणेन.

पऱ्ह्यातले मासे मला आजोबांनी बोटावर धरून शिकवले. मळ्या हा बोटभर, काळसर मासा. त्याच्या हनुवटीखाली चकतीसारखी गादी असते. तिच्या आधारानं तो वाहत्या पाण्यातही खडकाला चिकटून राहतो आणि नुसत्या ओल्या दगडावरूनही सरपटत चढतो. मुरे हे वाळूत लपणारे, मिशाळ, पट्ट्यापट्ट्यांचे. शिंगटीला हात लावताना जपायचं, तिच्या कल्ल्याजवळचा काटा घुसला की तासभर ठणका लागतो. मरळ हवेत तोंड काढून श्वास घेते, म्हणून चिखलातही उन्हाळा काढते. पिल्लं झाली की आईबाप दोघं त्यांची राखण करतात. तेव्हा मरळीच्या पिल्लांचा पुंजका पाण्यावर दिसला तर तिथे गळ टाकायचा नाही, हा आणखी एक न लिहिलेला नियम होता.

आणि डोहाच्या कपारीत राहायचा तो अहीर. सापासारखा लांब, गुळगुळीत, हातभर जाडीचा वाटावा असा. पोरं त्याला घाबरायची. पुष्कळ वर्षांनी मी वाचलं की या अहिराची गोष्ट बाकीच्या माशांच्या बरोबर उलट आहे. तो वर्षानुवर्षं गोड्या पाण्यात वाढतो आणि अंडी घालायला दूर समुद्रात जातो. त्याची काडीएवढी पिल्लं समुद्रातून खाडीत, खाडीतून नदीत आणि नदीतून आमच्या चिमुकल्या पऱ्ह्यात चढून येतात. ज्या डोहाला जगाच्या नकाशावर नाव नाही, त्याच्या कपारीत हिंदी महासागर बघून आलेला प्राणी राहत होता.

या माशांच्या नावांची आणखी एक गंमत आहे. विल्यम हेन्री साइक्स नावाचा एक लष्करी अधिकारी १८२४ पासून काही वर्षं मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून घाटावर फिरत होता. भीमा, मुळा-मुठा अशा नद्यांतले मासे त्यानं गोळा केले, त्यांची चित्रं काढून घेतली आणि १८३९ साली त्यांना शास्त्रीय नावं दिली. नावं देताना बऱ्याच ठिकाणी त्यानं कोळ्यांच्या तोंडचा शब्दच उचलला. त्यामुळे आजही जगभरच्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत मळ्याच्या शास्त्रीय नावाचा दुसरा शब्द ‘मुल्या’ आहे, शिंगटीच्या एका जातीचा ‘सींगटी’ आणि मुऱ्याच्या एका जातीचा ‘मूरेह’. लॅटिनच्या शेपटीला मराठी बांधलेली! आज आमच्या वाडीतल्या शाळेत जाणाऱ्या मुलांना यांतली किती नावं येतात, हा प्रश्न मात्र मी सहसा विचारत नाही.

मासे मारायच्या तऱ्हाही ठरलेल्या होत्या. चढणीला बांबूच्या कामट्यांची टोपली. तिच्या दोन कामट्यांमध्ये करंगळी जाईल एवढी फट ठेवलेली असे. बोटभर पिल्लू त्या फटीतून आपोआप निसटायचं. श्रावणात पाणी निवळलं की गळ. एक काठी, हातभर दोरा आणि गळाला गांडूळ. आमच्याकडे गांडुळाला काडू म्हणतात. गळानं तासाला चार मासे मिळाले तरी दिवस चांगला गेला म्हणायचं. फेकजाळं, म्हणजे पाग, वाडीत दोघांकडेच होतं आणि ते फेकायची विद्या सगळ्यांना साधत नसे. उन्हाळ्यात क्वचित एखाद्या डोहाला रामेठ्याची साल किंवा गेळाची फळं ठेचून घालत. त्यानं मासे गुंगून वर येत. पण तो कार्यक्रम सगळ्या वाडीचा असे. आधी डोह ठरायचा, तो सोडून बाकीचे राखले जायचे आणि मासे घरटी वाटले जायचे. साल गोळा करून, ठेचून घालायची मेहनतच एवढी की वर्षातून दुसऱ्यांदा कुणी नाव काढत नसे.

तेव्हा हे सगळं मला साधं, अडाणी वाटायचं. आज त्याकडे बघताना लक्षात येतं की आमच्या वाडीला मासेमारीचा कायदा कुणी शिकवला नव्हता, तो हत्यारातच विणलेला होता. टोपलीच्या फटीत तो होता, गळाच्या संथपणात होता, रामेठा ठेचायच्या कष्टात होता. हत्यार बदललं, त्या दिवशी कायदाही गेला. कुणी तो मोडला असं म्हणायलासुद्धा जागा राहिली नाही.

मोडणाऱ्यांत मी पहिला होतो, हे आता सांगायला हवं.

१९८४ साली मी मुंबईला नोकरीला होतो. घर शाकारायचं काम अडलं म्हणून रजा वाढवून जूनपर्यंत गावी राहिलो. मी आणि तीन चुलत भाऊ. मुंबईहून नायलॉनची बारीक डोळ्याची जाळी आणली होती. आजोबा तेव्हा अंथरुणाला खिळलेले. चढण लागली त्या रात्री आम्ही पऱ्ह्याच्या अरुंद तोंडाशी जाळं काठापासून काठापर्यंत लावलं. एकही मासा वर गेला नसेल. पहाटेपर्यंत तीन पोती भरली. पोत्यांच्या ओझ्यानं वाकून, हसत-खिदळत आम्ही अंगणात आलो, तेव्हा कुठे विचार सुरू झाला की एवढ्याचं करायचं काय. बर्फ नाही, पाऊस धो-धो, वाळवायला ऊन नाही. वाडीत सगळ्यांकडे चढणीचे मासे होतेच. दुपारपर्यंत एका पोत्याला वास सुटला. संध्याकाळी आम्ही दोन पोती माडांच्या मुळाशी खड्डे करून पुरली. गाबोळीनं भरलेले शेकडो मासे.

आजीनं त्या दिवशी मासे शिजवले नाहीत. बोलली काही नाही, पिठलं केलं. रात्री आजोबांनी मला हाक मारली. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण नाकाला कळलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, “इडी वडेपरेंत तरी थांबला होतात का रं?” मी गप्प राहिलो. पुढच्या पावसाळ्याआधी ते गेले.

हा प्रसंग मी विसरलो नाही, पण मनात जसा होता तसा जपलाही नाही. पुढे गणपतीत गावी गेलो की ‘आम्ही एका रात्रीत तीन पोती मासे मारले होते’ ही गोष्ट मी फुशारकीनं सांगत असे. पोरं तोंडाचा आ करून ऐकत. पुरलेली पोती गोष्टीत नसत.

निवृत्तीनंतर, २०१८ साली, मी गावी कायमचा राहायला आलो. पऱ्ह्या होता, पण तो ओळखीचा नव्हता. वाडीच्या वर, खाचरांच्या अलीकडे, सिमेंटचा बंधारा झाला होता. त्याच्याबद्दल तक्रार करायला जीभ रेटत नाही, कारण त्याच्यामुळे वाडीतल्या विहिरींना एप्रिलमध्येही पाणी राहतं आणि बायकांच्या डोक्यावरचे हंडे उतरले. पण बंधाऱ्याच्या खालच्या बाजूला मांडीएवढी उभी भिंत आहे, तिच्यावरून पाणी सरळ फरशीवर आपटतं. उडी घ्यायला माशाला खाली खोल पाणी लागतं, ते तिथे नाही. १९७५ साली गंगेवर फराक्का बंधारा सुरू झाला आणि पार अलाहाबादपर्यंत चढणारा हिलसा मासा वरच्या गंगेतून जवळजवळ दिसेनासा झाला, हे मी वर्तमानपत्रांत वाचलं होतं. तीच गोष्ट मांडीएवढ्या भिंतीनंही होते, हे आमच्या पऱ्ह्यावर पाहिलं.

डोहांची कथा वेगळी. आता रामेठा ठेचायचे कष्ट कोण घेतो? विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर दुकानात मिळते. मे महिन्यात ती एका डोहात टाकली की मासे, झिंगे, खेकडे, बेडकांची पिल्लं, सगळं पांढरं पोट वर करून तरंगतं. त्या पावडरीतलं क्लोरीन माशाचे कल्ले जाळतं. गुंगलेला मासा ताज्या पाण्यात शुद्धीवर येतो, कल्ले जळालेला येत नाही. आणि उन्हाळ्यातला डोह म्हणजे पऱ्ह्याची कणगीच. सगळं बियाणं त्यात साठलेलं असतं. ते संपलं तर जूनमध्ये चढायला कोण उरणार? कुठे बॅटरी आणि इन्व्हर्टर लावून पाण्यात करंट सोडतात. कुठे खाणीतला सुरुंग आणून उडवतात. पाण्यात स्फोट करून किंवा विष घालून मासे मारायला १८९७ च्या मत्स्य कायद्यानंच बंदी घातली आहे. पण रात्री दहा वाजता पऱ्ह्यावर १८९७ साल कुणाला आठवणार?

त्यात परक्या माशांची भर. आफ्रिकेतला तिलापिया भारतात १९५२ साली आणला गेला. तलावांतून, शेततळ्यांतून सुटून तो आता कुठेही दिसतो, वर्षातून अनेकदा वितो आणि स्थानिक माशांची जागा घेतो. आमच्या खालच्या डोहात गळाला पहिला तिलापिया लागला तेव्हा पोरं खूश झाली, कारण तो मोठा होता. शिवाय हल्ली पुराच्या भीतीनं ओढ्यांचा गाळ काढायची मोहीम असते. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं ते ज्यांनी पाहिलं, त्यांना गाळ काढू नका असं सांगायचा अधिकार मला नाही. पण यंत्र पऱ्ह्यात उतरतं तेव्हा ते गाळाबरोबर गोटेही उचलतं, वळणं सरळ करतं आणि डोह भरून तळ सपाट करतं. पाणी भरभर वाहून जातं, उन्हाळ्यात थांबायला त्याला जागा उरत नाही. पाण्याला नाही, तर माशाला कुठून?

हे फक्त आमच्या वाडीचं रडगाणं नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेनं २०११ साली पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्यातल्या माशांच्या २९० जातींचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांतल्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक जाती संकटात असल्याचं त्यात नोंदलं आहे. यांतल्या कित्येक जाती जगात दुसरीकडे कुठेही नाहीत.

गावी आल्यावर दुसऱ्याच वर्षी, २०१९ च्या जूनमध्ये, मी चढणीच्या रात्री बंधाऱ्यावर गेलो. ते दृश्य मला विसरता येत नाही. भिंतीखालच्या फरशीवर मासे थरानं जमले होते. उसळी मारत होते, भिंतीवर आपटत होते आणि खाली पडत होते. वर वाट नाही आणि मागे फिरायची बुद्धी त्यांना निसर्गानं त्या रात्री दिलेली नसते. आठ-दहा तरुण पोरं फरशीवर उभी राहून घमेल्यांनी मासे पोत्यांत भरत होती. त्यांत माझा पुतण्या होता. मी म्हटलं, “अरे, घरापुरते घ्या आणि बाकीचे सोडा. यांना वर जाऊ द्यायला हवं.”

पुतण्या चांगला मुलगा आहे, कधी उलट बोलत नाही. पण त्या रात्री, मित्रांसमोर, तो म्हणाला, “काका, तुमी तीन पोती मारलीत तवा आमी जलमलो पन नव्हतो. आता आमालाच सांगता?”

कुणीतरी हसलं. मी परत आलो. सारी रात्र पाऊस वाजत होता आणि मला झोप नव्हती. त्याच्यावर रागावून काही उपयोग नव्हता. त्याला ती गोष्ट मीच सांगितली होती आणि अर्धीच सांगितली होती.

आठवड्यानं मी त्याला ओटीवर बसवलं आणि उरलेली अर्धी सांगितली. पुरलेली पोती, आजीचं पिठलं, आजोबांचा प्रश्न. तो ऐकत राहिला. काही बोलला नाही, उठून गेला. गोष्टींचा परिणाम असा लगेच दिसत नसतो आणि मी शिक्षकही नव्हे.

महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. तिथले मासे वरदायिनी देवीचे मानतात, त्यांना कुणी मारत नाही. लोक त्यांना खाऊ घालतात आणि हातभर लांबीचे महाशीर मासे निर्धास्त वर येतात. पुढच्या हिवाळ्यात मी पुतण्याला तिथे घेऊन गेलो. तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. परतताना म्हणाला, “आपल्या डोहावर देव न्हाय, काका.” मी म्हटलं, “नाही. आपल्या डोहावर आपणच.”

मग एका मे महिन्यात आम्ही कामाला लागलो. ग्रामपंचायतीत विचारलं. ‘भिंतीला हात लावायचा नाही’ या अटीवर परवानगी मिळाली. बंधाऱ्याच्या एका कडेला, जिथे पाणी कमी जोरानं पडतं, तिथे दगडांची उतरंड रचली. मोठे गोटे खाली, लहान वर, भिंतीच्या माथ्यापासून पंधरा-वीस पावलं खालपर्यंत हळूहळू उतरत जाणारी. दोन दगडांमध्ये अधूनमधून घमेल्याएवढे खळगे ठेवले, म्हणजे चढताना माशाला क्षणभर विसावता यावं. मोठ्या धरणांवर माशांसाठी असे जिने बांधतात हे ठाऊक होतं. आमचा जिना म्हणजे दहा माणसं, चार पहारी आणि पाच रविवार. ज्या पोरांनी घमेली भरली होती, त्यांतली सहा जण आली. पुतण्यानं सगळ्यात मोठा दगड लावला.

त्या जूनमध्ये चढण लागली तेव्हा आम्ही सगळे बंधाऱ्यावर उभे होतो. पहिल्यांदा मळ्ये चढले. दगडाला चिकटत, थांबत, पुन्हा सरकत. मग मुरे, काही शिंगट्या. मोठ्या माशांतले थोडेच वर गेले, बरेचसे भिंतीखालीच घुटमळत राहिले. जुलैच्या पुरानं अर्धी उतरंड वाहून नेली. पुढच्या मे महिन्यात ती पुन्हा रचली, या वेळी दगड जरा खोल रुतवून. दरवर्षी थोडी वाहून जाते, दरवर्षी थोडी रचतो. दोन डोहांवर पावडर टाकायची नाही असं वाडीच्या बैठकीत ठरलं आहे. तिसऱ्या डोहाचं एकमत होत नाही. गेल्या उन्हाळ्यातही तिथे मासे तरंगलेले दिसले. कुणी टाकली ते सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही, कारण उद्या त्याच्याच घरी लग्न आहे. गाव असंच असतं.

समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, हे बाजारात मासे घेणाऱ्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. त्या दोन महिन्यांत सुकटीवर भागवताना कुणी कुरकुर करत नाही. पऱ्ह्याला दोन महिने मागणार नाही मी. चढण हा आमचा सण आहे आणि चढणीच्या कालवणाशिवाय पावसाळा सुरू झाला असं मलाही वाटत नाही. पऱ्ह्याला एका विडीएवढा वेळ हवा आहे. पहिला लोंढा वर जाईपर्यंतचा, आणि मग घरातली माणसं मोजून टोपली भरण्याएवढा संयम.

या वर्षी माझी नात सुट्टीला आली होती, आठ वर्षांची. शाळा सुरू व्हायच्या आधीच पाऊस आला आणि चढण लागली. आम्ही दोघं रात्री बंधाऱ्याखाली गेलो. पुतण्या पुढे बॅटरी धरून होता. उतरंडीवरून पाणी खळाळत होतं आणि त्यात काळे-करडे जीव एकामागून एक वर सरकत होते. नात माझा हात ओढू लागली, “आजोबा, पकडा ना! सगळे चालले!”

मी विड्या कधीच ओढल्या नाहीत. काय सांगावं ते सुचेना. तेवढ्यात पुतण्याच मागे वळून तिला म्हणाला, “थांब गो बाय. पनजोबांची इडी सरू दे.”